सांडपाण्याचा गाळ ३५ अंशांवर कुजवावा की ५५ अंशांवर?

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळ ५५ अंश सेल्सिअसला कुजवल्यास ३५ अंशांपेक्षा बराच जास्त बायोगॅस मिळतो का, असा आपला प्रश्न आहे. पुरेसा वेळ दिल्यास एकूण वायूत फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो मुख्यतः वेगात. ३५ ते ३७ अंशांवर गाळ बंद टाकीत साधारण १५ ते ३० दिवस ठेवावा लागतो, तर ५५ अंशांच्या आसपास तेच काम १० ते १५ दिवसांत होऊ शकते, कारण घन कण विरघळण्याचा, म्हणजे एरवी सर्वांत संथ असणारा टप्पा उष्णतेमुळे लवकर उरकतो. शिवाय रोगजंतू आणि जंतांची अंडी अधिक खात्रीने मरतात, आणि गाळ शेतात खत म्हणून जाणार असेल तर माझ्या मते हाच खरा मोठा फायदा आहे.

मात्र या तापमानाला मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फार नाजूक असतात. तापमान एकाएकी दोन-तीन अंशांनी जरी ढळले तरी टाकीत आम्ले साचू लागतात. मुक्त अमोनियाचे (पाण्यात विरघळलेल्या अमोनिया वायूचे) प्रमाणही वाढून या सूक्ष्मजीवांना बाधते.

२० अंशांखाली सारेच मंदावते. अमेरिकेच्या १९९३ च्या गाळविषयक नियमांत ३५ ते ५५ अंशांना १५ दिवस, पण २० अंशांना ६० दिवस सांगितले आहेत.

टाकी इतकी गरम ठेवायला उष्णताही जास्त लागते; म्हणून बायोगॅसवर चालणाऱ्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता टाकीसाठी वापरता येत असेल, तरच ५५ अंशांचा विचार करावा.