वालेन्सियाला येताय तर आधी ‘येवा’ शिका

जुलैत स्पेनमध्ये वालेन्सियाला शिफ्ट होतोय, तिघंही शाकाहारी, मुलगी सहा वर्षांची, तर हॉटेलात ऑर्डर देण्यापुरतं स्पॅनिश किती लागेल असं विचारलंयत. व्हिसाबिसाचं साइटवर आहेच, ते सोडते.

ॲपवरचं ‘किएरो’, म्हणजे मला हवंय, चूक नाही, पण इथे बारमध्ये लोक ‘मे पोनेस उन काफे?’ म्हणतात, पोनेर म्हणजे ठेवणं, आपल्या ‘मला वाढता का’सारखंच. अदबीनं बोलायचं तर ‘किसिएरा’, मला हवं होतं. दोघं बसलात की वेटर ‘के बाइस आ तोमार?’ विचारेल, म्हणजे काय घेणार, हे वोसोत्रोसचं, अनेकांना म्हणायच्या ‘तुम्ही’चं रूप, लॅटिन अमेरिकेचं स्पॅनिश शिकवणाऱ्या ॲपवर ते मिळत नाही, मी पहिल्या दिवशी नुसती बघत राहिले होते. ‘मे गुस्ता’ मात्र इंग्रजीतून शिकू नका, ते सरळ ‘मला आवडतं’ आहे, आणि वस्तू अनेक असल्या की ‘मे गुस्तान’, मला आवडतात.

पण सगळ्यात आधी येवार, म्हणजे नेणं, पदार्थाच्या बाबतीत ‘त्यात असणं’. ‘येवा कार्ने?’ म्हणजे यात मांस आहे का. नुसतं ‘सोय वेखेतारियाना’ म्हणून भागत नाही हो, एन्सालादा मिक्स्तावर, म्हणजे मिक्स सॅलडवर, ट्यूना असतो, क्रोकेतात बऱ्याचदा खामोन, म्हणजे हॅम, मसुरात चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज. ‘नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि आतून’ असं एकेक नाव घेऊन सांगायचं, इथे ‘नि’ म्हणजे ‘ना’, पेस्कादो म्हणजे मासे. आतून म्हणजे ट्यूना, हा शब्द तुम्ही विसरणार नाही.

मसुराचं मला मुलाकडून कळलं. तोही सहाचाच होता, शाळेतच जेवायचा. मेनू बदलून द्या म्हटलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, शाकाहार हा काय आजार आहे का, सर्टिफिकेट आणू कुठून, तीनदा फॉर्म परत आला, अजून आठवलं की डोकं फिरतं. आणि मी त्याला काय शिकवून पाठवलं होतं, तर ‘पोर फावोर’ म्हणजे प्लीज, ‘ग्राथियास’ म्हणजे थँक्यू, आणि पानात टाकायचं नाही. दिवाळीच्या सुमारास म्हणाला, आई, शाळेतल्या मसुरात लाल चकत्या असतात, मी सगळ्या संपवतो. मी फराळाचं तसंच ठेवून आत जाऊन बसले. यात आजवर नक्की कोणावर चिडायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

एकटेपणाचंही विचारलंयत, तो वर्षभरात कमी होतो.

आता तो बारा वर्षांचा आहे, शाळेत वालेन्सियानो, म्हणजे इथली स्थानिक भाषा, मित्रांशी स्पॅनिश. हॉटेलात ऑर्डर तोच देतो. आधी वेटरला सांगायचा, ‘नो कोमेमोस कार्ने’, आम्ही मांस खात नाही. हल्ली म्हणतो, ‘मी माद्रे नो कोमे कार्ने’, माझी आई खात नाही. मी ऐकते आणि मेनूकार्ड बघत बसते, त्याला अजून काही विचारलेलं नाही.

तुमच्या मुलीकडून ‘येवा कार्ने?’ निघायच्या आधी पाठ करून घ्या. किसिएरा वगैरे इथे आल्यावर होईल.