भरून परत येणारी बाटली

रामबाग, इंदूर

प्रिय मुली,

काल तू घाईत होतीस, बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्याकडे राहायला आलेल्या भाच्याला शाळेत मुलं त्रास देत असावीत, पण तो काहीच सांगत नाही, म्हणालीस. आणि जाता जाता दारात बोललीस की सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत येते, अन् घरात शिरला की बूटही न काढता तो बाथरूमकडे पळतो. रात्री माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. 31 वर्षं मी शाळेत शिकवलं. जो मुलगा दिवसभर पाणी पीत नाही, तो बरेचदा शाळेच्या बाथरूममध्ये जायला घाबरत असतो. तिथे शिक्षक नसतात. मुलांना शाळेत नेणाऱ्या मॅजिक गाडीच्या मागच्या सीटवरही नसतात.

म्हणून "कोण मारतं तुला?" असं विचारू नकोस. मॅजिकमध्ये कुठे बसतोस, सुट्टीत बाथरूमला जातोस का, एवढंच विचार. तेही समोर बसवून नको. गाडीवर मागे बसलेला असेल तेव्हा, नाहीतर दोघं मिळून मटार सोलत असाल तेव्हा. नजरेला नजर द्यावी लागली नाही की या वयाची मुलं बोलतात.

तो गप्प का आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसरी पोळी तो मागून घेत नाही, कपडे अजून बॅगेतच ठेवतो, हे तूच सांगितलंस. आपला कुणाला भार नको म्हणून अंग चोरून राहणारं पोर आहे ते. अशा मुलाला कुणी "तेरे घरवालों ने निकाल दिया क्या?" म्हटलं की ते त्याला खरंच वाटतं, कारण घरात कुणी त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. आपण त्याच्यासमोर विषय काढत नाही, आणि तो मात्र भिंतीपलीकडून "किती दिवस राहणार?" ऐकत असतो. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, फोन लाव, त्याला शेजारी बसव, आणि तो कधीपर्यंत इंदूरला राहणार ते तिघं मिळून ठरवा. दहावीपर्यंत म्हणता येत असेल तर स्वच्छ शब्दांत म्हण. येत नसेल तर जेवढं पाळता येईल तेवढंच कबूल कर, पण कर. आणि कपाटातला एक खण आजच रिकामा करून दे.

मी एकदा फार वाईट चूक केली. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही नव्हती, म्हणून एका मुलीला भर वर्गात उभं करून कारण विचारलं. ती मामाकडे राहायची. त्यानंतर मुलं तिला "मामा" म्हणूनच हाक मारायला लागली. माझ्या कानावर येत होतं, पण मुलंच ती, चिडवणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. वार्षिक परीक्षेआधी तिने शाळा सोडली. तिची माफी मागायची राहूनच गेली. त्यामुळे वर्गशिक्षकांना तुझी पहिली विनंती हीच असू दे: सही, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, कुठलाही कागद हवा असेल तर मला फोन करा, त्याला वर्गात विचारू नका.

ऑफिसात "आई-वडिलांना पाठवा" म्हणतील. घाबरू नकोस. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे, तोही पालकच धरला आहे. भाचा आठवीत आहे, 13 वर्षांचा, म्हणजे या कायद्यात बसतो. तरी ताईकडून सहीचं साधं पत्र आणि तिच्या आधारकार्डाची प्रत मागवून ठेव, दारातली हुज्जत वाचेल.

तक्रार तोंडी करू नकोस. अर्जात तारीख, जागा आणि मुलं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिही, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का घे. शाळा सीबीएसईची आहे ना? बोर्डाने 2015 मध्येच परिपत्रक काढून अशा त्रासाविरुद्ध समिती नेमायला सांगितलं आहे. समितीत कोण आहे ते विचार. मागणी नेमकी कर: मॅजिकमध्ये ड्रायव्हरजवळची सीट, सुट्टीत बाथरूमपाशी कुणीतरी मोठं माणूस, आणि अडचण आली तर त्याने थेट जावं असे एक शिक्षक. प्राचार्यांच्या खोलीत त्याला आणि त्रास देणाऱ्या मुलाला समोरासमोर उभं करून "हाथ मिलाओ" करू देऊ नकोस. त्याची वसुली संध्याकाळी मॅजिकमध्ये होते, हे मी पाहिलंय. त्या मुलाला किंवा त्याच्या आईला तू स्वतः गाठायलाही जाऊ नकोस.

शाळेने दाद दिली नाही तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. जिल्ह्याची बाल कल्याण समितीही आहे. पण कुणी अंगाला नको तसा हात लावल्याचं कळलं, तर शाळेची वाट पाहायची नाही. ते पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात येतं, सरळ पोलिसांत जायचं. आणि जगावंसं वाटत नाही अशा अर्थाचं तो काही बोलला, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 ला फोन कर.

सोमवारी मी तुझ्याबरोबर शाळेत येते. अर्ज हिंदीत लिहून ठेवीन, रविवारी वाचून जा. पण त्याआधी त्याला विचार: आपण काय सांगायचं, कुणाचं नाव घ्यायचं, काय सांगायचं नाही. त्याला विचारल्याशिवाय आपण शाळेची पायरी चढायची नाही.

तुझी,
काकू