‘द व्हॅनिशिंग हाफ’मधली स्टेला आयुष्यभर गोरी म्हणून कशी खपली? आणि कादंबरीतला काळ लक्षात कसा ठेवायचा?

स्टेलाचं आधी बघू, ते पटलं की बाकीचं सोपं जातं.

ब्रिट बेनेटच्या या कादंबरीतली (2020) स्टेला कृष्णवर्णीय घरातली, पण ती रंग बदलत नाही. ती जन्मापासून गोरीच दिसते. मात्र अमेरिकेच्या दक्षिणेत रंगापेक्षा रक्त मोजलं जायचं. 1892 मध्ये न्यू ऑर्लिन्सला होमर प्लेसी रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्यात आफ्रिकी रक्त आठात एक हिस्सा. त्याने स्वतः सांगितल्यावरच त्याला अटक झाली. 1896 मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला. लुइझियाना राज्याने तर 1970 मध्ये बत्तिसाव्या हिश्श्याहून जास्त आफ्रिकी रक्त म्हणजे कृष्णवर्णीय, असा हिशेब कायद्यात घातला, तो 1983 पर्यंत टिकला.

म्हणजे खपून जायला चेहरा पुरायचा, घात व्हायचा तो नात्यागोत्यामुळे. आई, जुळी बहीण, गाव, सगळं तोडावं लागायचं. म्हणून स्टेलाला धास्ती कृष्णवर्णीयांची, कारण ओळखलं तर तेच ओळखतील. लॉस एंजेलिसमधल्या तिच्या वसाहतीत एक कृष्णवर्णीय कुटुंब घर घेणार असं कळतं, तेव्हा एरवी गप्प असणारी स्टेला रहिवाशांच्या बैठकीत उभी राहून विरोध करते. ती पानं सावकाश वाचा. तिच्या आवाजातला संताप म्हणजे निव्वळ भीती आहे.

आपल्याकडे हे सगळं गोऱ्या रंगाच्या हौसेवर ढकललं जातं. स्टेलाच्या मॅलर्ड गावाबद्दल ते खरं आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या उजळ जोडीदारच बघितला जातो. स्टेलाचं तसं नाही. तिचे वडील इतके उजळ असूनही गोऱ्यांनी त्यांना मारलं, आणि मुलींनी ते कपाटात लपून पाहिलं. तिला रूप नको होतं, निर्धास्तपणा हवा होता.

आता काळ. जुळ्या बहिणी 1954 मध्ये सोळाव्या वर्षी पळतात. पहिला भाग 1968: स्टेलाची जुळी बहीण डिझिरे आपल्या काळ्यासावळ्या मुलीला, ज्यूडला, घेऊन गावी परतते. दुसरा एकदम 1978: ज्यूड कॉलेजसाठी लॉस एंजेलिसला. तिसरा पुन्हा 1968, पण स्टेलाच्या घरात. बहुतेकांचा धागा इथेच तुटतो, कारण ते दुसऱ्याच्या पुढचं वाचतोय असं धरून चालतात. पुढचे भाग ऐंशीच्या दशकातले. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला साल दिलंय, ते ओलांडून जाऊ नका.

ज्यूडच्या भागात रीस भेटेल. जन्मतः मुलगी ठरवला गेलेला, आता पुरुष म्हणून जगणारा. त्याला स्टेलाच्या शेजारी ठेवून वाचा: घर दोघांनीही सोडलंय, पण तो स्वतःकडे निघालाय आणि ती स्वतःपासून दूर. माझ्या मते कादंबरीचा जीव याच जोडीत आहे.