खाली केलेली स्विफ्ट आणि घाटातलं स्टेअरिंग: मशीनवर जाण्याआधी आर्म बघ

भावा, तुझी तक्रार वाचली. स्विफ्ट 40 मिमी खाली केलीस, तीनदा अलाइनमेंट केलंस. तरी यवतेश्वरच्या घाटात वळणावर खड्डा आला की स्टेअरिंग स्वतःच फिरल्यासारखं होतं आणि पुढचे टायर आतून खाल्ले गेलेत. चौथ्यांदा मशीनवर जाऊ नकोस. मशीन टो (वरून बघितल्यावर चाकाची पुढची कड आत की बाहेर किती वळलीय ते) मोजतं ते गाडी एका उंचीवर उभी असताना. तुझा लोचा चाक वरखाली होतं तेव्हाचा आहे.

कागदावर कंपासनं 300 मिमीचा कंस काढ (लहान कंपास असेल तर दोरी-पेन्सिल घे). आडव्या रेषेपासून टोक 40 मिमी वर नेलं की ते आत सरकतं जेमतेम 2.7 मिमी. पुढच्या 30 मिमीत मात्र आणखी 5.6 मिमी. कंपनी लोअर आर्म (चाकाला खालून चॅसीशी जोडणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) साधारण आडव्याच्या आसपास ठेवते ते याचसाठी, तिथं कंस जवळजवळ सपाट असतो. गाडी खाली आणलीस की दोघांची बाहेरची टोकं वर चढतात आणि रोजची हालचाल कंसाच्या तीव्र भागात होते. आर्म आणि टाय रॉडची लांबी नि जागा वेगळी, त्यामुळे दोघं सारखं सरकत नाहीत. जो फरक पडतो तेवढं चाक आपोआप वळतं. हाच बम्प स्टिअर.

आणि आतून झिजायचा दोष सगळे कॅम्बरला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाला देतात. टो बरोबर असेल तर दीड अंश निगेटिव्ह कॅम्बरनं (वरची बाजू आत) टायर इतक्या लवकर जात नाही. टायर खातो तो बाहेर गेलेला टो. साधारण 600 मिमी व्यासाच्या चाकावर 0.1 अंश म्हणजे 1 मिमी, यावरून अंदाज बांध.

दुसरी गोष्ट रोल सेंटरची, म्हणजे गाडी ज्या कल्पित बिंदूभोवती कलते त्याची. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) गाडीत, म्हणजे तुझ्यासारख्या, आर्म बाहेरच्या बाजूनं वर चढला की हा बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. वजन आणि बिंदू यांतलं अंतर वाढतं, म्हणजे तेवढ्याच स्प्रिंगवर खाली केलेली गाडी वळणात उलट जास्त कलायला बघते. लोक मग जाड अँटी रोल बार (कलणं रोखणारा आडवा दांडा) टाकतात. दुखणं एकीकडे, पट्टी दुसरीकडे.

मोजायचं घरी जमतं. मी माझ्या जुन्या गाडीवर एमआयडीसीतल्या ओळखीच्या शेडमध्ये रविवार घालवून केलं होतं. स्ट्रटमधली स्प्रिंग काढून स्ट्रट परत बसवला, स्टेअरिंग सरळ करून सीटला दोरीनं बांधलं, हबवर (चाक जिथं बसतं तिथं) 600 मिमी रुंद प्लायची फळी नटांनी आवळली. शेजारी एक सरळ फळी उभी केली. आर्मखाली जॅक लावून 10-10 मिमी वर घेत गेलो आणि दर वेळी प्लायच्या पुढच्या नि मागच्या कडेचं अंतर टेपनं मोजलं. 30 मिमीला चाक 4 मिमी बाहेर वळलेलं दिसलं. तेव्हा कळलं की चार महिने आपण मशीनवाल्याला उगाच शिव्या घालत होतो.

इलाज: आर्मच्या बाहेरच्या टोकाला लांब पिनचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), म्हणजे आर्मचं टोक परत खाली येतं. पण तो एकटा टाकलास तर आर्म सुधारेल, टाय रॉड तसाच वर राहील आणि बम्प स्टिअर वाढूही शकतो. टाय रॉड एंडचं टोकही तेवढंच खाली यायला हवं, दोन्ही जोडीनं. रिमला आतून घासतं का तेही बघ, 14 इंची रिममध्ये जागा कमी असते. लेथवर माइल्ड स्टीलचा स्पेसर कातून किंवा वेल्डिंग करून घेऊ नकोस. ती पिन तुटली तर चाक आडवं होतं, आणि खाली दरी असते.

तुझ्या गाडीला तयार किट मिळत नसेल तर सरळ 15-20 मिमी वर घे. मिरवायला थोडं कमी, पण आर्म आडव्याच्या जवळ येतो आणि बम्प स्टॉपला (हालचालीच्या शेवटी असलेल्या रबराला) रोज धडकणंही थांबतं. स्प्रिंग कापून खाली केली असशील तर ती आधी काढ. मीही एकदा कापली होती. टोक नीट बसत नाही आणि वळवताना टणटण वाजते. गॅसनं तापवून दबवली असेल तर त्याहून वाईट, टेंपर (पोलादाचा कस) जातो. कंपनीच्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, तेही ध्यानात ठेव.

फिटिंगच्या वेळी एक गोष्ट बहुतेक फिटर चुकवतात. आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळतात. चाकं जमिनीवर टेकली की रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मगच आवळायला सांग. त्यानंतर कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. मागं टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथं शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) टाकण्यापलीकडं काही करता येत नाही, तिकडं पैसे घालू नकोस.

आधी आर्मचा फोटो टाक. समोरून, पातळीत धरून, चाकं जमिनीवर असताना. जॅकवरचा फोटो उपयोगाचा नाही.