नवऱ्याचं दिवाळं आणि बायकोची सही

"मॅडम, ह्यांनी कोर्टात दिवाळं काढलं तर माझा पगार पण जाणार का वो?" गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या, अजून धड बसल्यापण नव्हत्या तोवर हेच विचारलं. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

नवऱ्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप, दोन पार्ट्यांनी पेमेंट थकवलं, मग पतसंस्था, मग हातउसने, करत करत वीसेक लाखावर गेलं. ताई शाळेत क्लार्क. त्यांना हे सगळं कळलं ते वसुलीवाला दारात आल्यावर, आणि मला विचाराल तर पैशापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं, बोलताना सारखं तिथंच येत होत्या.

हा प्रश्न माझ्याकडं लय बायका घेऊन येतात, म्हणून नीट सांगते. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोचं होत नाही. कोल्हापुरात साध्या धंदेवाल्या माणसाचा नादारीचा, म्हणजे दिवाळं काढायचा, अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, १९२० च्या जुन्या नादारी कायद्याखाली, आणि कोर्टाच्या ताब्यात जाते ती त्याची मालमत्ता. ताईंचा पगार, माहेरचं सोनं, स्वतःच्या पैशाची एफडी हे त्यांचंच. फ्लॅट दोघांच्या नावावर होता, तर त्यात नवऱ्याचा हिस्सा तेवढा अडकतो, पण घर एकच असल्यानं त्रास दोघांना होणारच, हे मी लपवलं नाही.

मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "आणि हे?" हात मंगळसूत्रावर. ते जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना वगळलाय. हे ऐकून त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

मग मी विचारलं, तुमची सही कुठं कुठं हाय? "पतसंस्थेत एकदा सही केल्या मी, हे म्हणाले फॉर्म्यालिटी हाय." खरी भानगड इथं असते बघा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि नवरा नादारीतून सुटला तरी जामीनदार आणि सहकर्जदार सुटत नाहीत. म्हणजे त्या एका कर्जापुरतं संस्था ताईंच्या मागं येऊ शकते, बाकी कर्जांसाठी नाही.

अजून एक, कुठल्यातरी पाहुण्यानं सल्ला दिलेला की अर्जाआधी नवऱ्याचा हिस्सा बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. मी जोरात नको म्हणाले. असं फुकट नावावर केलं आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो, वर कोर्टाला वाटतं दोघं मिळून लपवतायत. कागद घेऊन वकिलाकडं जा, पण त्याआधी नवऱ्याला घेऊन माझ्याकडं या म्हटलं.

पुढच्या आठवड्यात दोघं आले. तो माणूस मान खाली घालून प्लॅस्टिकच्या पिशवीतनं एकेक कागद काढत होता, ताई वहीत लिहून घेत होत्या. तिसऱ्या कागदावर तो थांबला आणि म्हणाला, "हितं पण तुझी सही हाय, मी सांगितलं नव्हतं." ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "रक्कम सांगा." आणि वहीत लिहिली.