हेल्मेटमधलं ‘काय? काय?’

प्रश्न : स.न.वि.वि. माझी ३५० सीसीची गाडी आहे, मागे मिसेस असतात. दिवाळीत दोघांच्या हेल्मेटला ब्लूटूथ इंटरकॉम बसवले. गावात झकास ऐकू येतं, पण हायवेला सत्तरच्या पुढे काटा गेला की नुसतं घूंऽऽ. व्हॉल्यूम फुल ठेवूनही दोघांचं ‘काय? काय?’ चालू. माझं हेल्मेट फुल-फेस, मिसेसचं पुढून उघडं. वारा अडेल म्हणून गाडीला उंच काच लावली, तर आवाज उलट वाढला. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत डोकं उठतं आणि रात्री अंथरुणावर पडलं की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. याहून महागडा इंटरकॉम घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नको. पैसे खिशात राहू द्या. आणि शिट्टीचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मी तिथूनच सुरुवात करतो.

भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मी बावीस वर्षं काढली. शिफ्टला आत शिरताना पिवळे फोमचे बोळे मिळायचे. मी ते इमानदारीत कानात घालायचो, न घालणाऱ्या पोरांना दमही द्यायचो. शिफ्ट सुटली की बोळे डब्यात. आणि रविवारी हाच शहाणा माणूस उघड्या कानांनी महाबळेश्वरला जाऊन यायचा. पन्नाशीत कान तपासले तेव्हा आलेखावर चार हजार हर्ट्झच्या आसपास सरळ खड्डा. गोंगाटानं कान गेल्याची ती ठरलेली खूण. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘मशिनवर होतात का?’ मी ऐटीत सांगितलं, होतो, पण बोळे घालून. ‘मग गाडी चालवता का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता श्रावणातल्या संध्याकाळी ही म्हणते, रातकिडे किती किरकिरताहेत बघा. मी मान डोलावतो. मला ते ऐकूच येत नाहीत.

हिशेब साधा आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत कानाशी ९५ ते १०० डेसिबल सहज भरतात, चांगल्या हेल्मेटमध्येसुद्धा. इंजिन किंवा सायलेन्सर नाही, निव्वळ वारा. सातारा ते कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तुम्ही कितीही भरभर गेलात तरी दीड-दोन तास ते भजन चालू. त्यावर तुम्ही व्हॉल्यूम फुल करता, म्हणजे वाऱ्याच्या वरताण स्पीकर. कानाला दोन्हीकडून मार.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फोमचे बोळे. मेडिकलमध्ये चहा-वडापावच्या पैशात जोडी मिळते. ‘मग वहिनींचं बोलणं कसं ऐकू येणार?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. येतं, आणि आत्ताच्यापेक्षा स्पष्ट येतं. बोळा वारा आणि स्पीकर दोघांनाही दाबतो हे खरं. पण वाऱ्यानं दडपलेल्या कानाला शब्द सुटे करता येत नाहीत, तो दाब उतरला की येतात. भर उन्हात गॉगल लावल्यावर रस्ता नीट दिसतो, तसंच. व्हॉल्यूम दोन घरं वाढवायला मग हरकत नाही.

मात्र बोळा घालायची रीत आहे. स्वच्छ बोटांनी त्याची अगरबत्तीच्या काडीसारखी बारीक, सुरकुती न पडलेली वळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूनं धरून वर-मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. वळी आत सरकवा आणि बोट ठेवून मनात तीस आकडे मोजा. तो आत फुगतो, जग हळूहळू लांब जातं. बोळा बाहेर डोकावत राहिला तर तो बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. माझ्या एका मित्रानं नुसते कानाच्या दारात खोचून ‘काही फरक नाही’ म्हणून फेकून दिले होते.

आता इंटरकॉम. तुमचे स्पीकर बहुतेक कानासमोर नाहीतच. दुकानदार ते दिसेल त्या मोकळ्या जागेत चिकटवतो. घरी गाणं लावा, हेल्मेट घाला, खालून बोट घालून स्पीकर कानाकडे दाबा. आवाज एकदम भरला तर तो लांब बसलाय. जागा शोधायला माझी युक्ती अशी : कानाच्या भोकापाशी कुंकवाचं बोट टेकवायचं, हेल्मेट चढवून दाबून बसवायचं आणि काढायचं. काढता-घालताना कुंकू फराटतं, पण कान टेकतो तिथला डाग गडद असतो. स्पीकरचा मध्य त्या डागावर. खोलगट वाटला तर मागे वेलक्रोची चकती वाढवून कानाला जेमतेम टेकेल इतका पुढे आणा. बोटाच्या पेराएवढ्या चुकीनंही बराच आवाज जातो. हिनं विचारलं, हे हळदीकुंकू कुणाचं? मी म्हटलं, स्पीकरचं.

एक करू नका. स्पीकर बसत नाही म्हणून एका दुकानात माझ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हरनं आतलं थर्माकोल खरवडायला सुरुवात केली होती. हेल्मेट मी हातातून ओढून घेतलं. पडल्यावर डोकं वाचवतं ते हे थर्माकोलच. वरचं कवच म्हणजे त्याचा सदरा.

आणि तुमच्या ‘घूंऽऽ’मधला बराच भाग मला तुमच्या हेल्मेटमधला वाटतच नाही. तो वहिनींच्या माइकमधून येतोय. पुढून उघडं हेल्मेट, त्यात दांडीवरचा माइक, आणि त्या बसतात तुमच्या पाठीमागच्या घुसळलेल्या वाऱ्यात. मोकळ्या रस्त्यावर स्पीड धरला की त्यांना त्यांचा माइक म्यूट करायला सांगा. तुमच्या कानातला गोंगाट पटकन उतरला तर चोर सापडला. हेल्मेटची काच खाली ओढायला सांगा, माइक ओठांच्या अगदी जवळ, कोपऱ्याशी आणा, आणि त्यावरची स्पंजची टोपी आहे ना ते बघा. ती हमखास पडते. माइकला बहुधा एक ठिपका किंवा बाण असतो, तो ओठांकडे हवा. चेहऱ्यावर स्कार्फ गुंडाळत असतील तर तो माइकवर घासून खरखर करतो. माइक स्कार्फच्या आत घ्यावा. सोसत असेल तर पुढच्या खेपेला त्यांनाही फुल-फेस घ्या. जबड्याचंही भलं होईल.

उंच काचेचं कोडं तसं कोडं नाही. काच वारा गिळत नाही, वर फेकते. तिच्या कडेवरून सुटलेला वारा फाटतो आणि तो फाटका वारा नेमका तुमच्या हेल्मेटवर आदळतो. काच नव्हती तेव्हा निदान सरळ वारा येत होता. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या स्पीडला थोडं वाका, मग ताठ बसा. वाकल्यावर शांत झालं तर काच तुम्हाला बुटकी पडते, ताठ झाल्यावर शांत झालं तर ती विनाकारण उंच आहे. पण मी असतो तर एक रविवार काच काढूनच फिरलो असतो.

उरलं गळ्याखालचं. सगळ्यात जास्त आवाज आत शिरतो तो हेल्मेटच्या खालच्या तोंडातून. साधा सुती मफलर किंवा नेक-वॉर्मर हनुवटीखाली खोचला तरी जाणवतं. खांबाटकी चढताना मी तो एकदा काढून पाहिला, बोगद्याआधीच परत घातला.

शिट्टी एक-दोन दिवसांत गेली नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. इंटरकॉमवाल्याकडे नाही.

प्रश्न : बोळे घातले तर हॉर्न ऐकू येणार नाही, असं वडील म्हणतात. खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ऐंशीच्या वाऱ्यात उघड्या कानांनाही मागचा हॉर्न उशिराच कळतो. बोळ्यानं हॉर्न आणि वारा दोन्ही सारखेच खाली येतात, त्यामुळे हॉर्न वाऱ्यात बुडत नाही. मला एसटीचा हॉर्न बोळ्यातून व्यवस्थित दचकवतो. बाजारपेठेत, तीसच्या स्पीडला मात्र काढून ठेवावेत. वडिलांना आधीच कमी ऐकू येत असेल तर त्यांनी कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. आणि आरसे बघायचे असतात, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी नाशिकहून कोकणात जाणार आहोत. तिघींकडे एका कंपनीचे ब्लूटूथ इंटरकॉम आहेत, दोघी नवे घेणार. मेश घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्लूटूथवर तुमची साखळी बनते. मधली एक चहाला थांबली की मागच्या तुटल्या. मेशमध्ये प्रत्येक यंत्र जमेल त्याच्यामार्फत वाट काढतं, एक गळली तरी बाकीच्यांचं चालू राहतं. पण एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीशी सहसा बोलत नाही, आणि मेश पाचही जणींकडे हवं. दोघींनीच घेतलं तर तिघी बाहेर. खर्च झेपणारा नसेल तर त्या दोघींनी तिघींच्याच कंपनीचं ब्लूटूथ घ्यावं, आणि एका वेळी किती जणी जोडल्या जातात ते खोक्यावर वाचूनच. खोक्यावरचे किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. घाटात एक वळण आलं की डोंगर मध्ये.

एक ठरवून घ्या : घाटात फक्त पुढची बोलेल. ‘खड्डा डावीकडे’, ‘समोरून ट्रक’, बस्स. गाणी, भांडणं आणि कोण कुठे उतरणार हे मिसळ खाताना. पाऊस असेल तर चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण निघतानाच दाबून घ्या. मागच्या जुलैत ताम्हिणीत माझं उघडं राहिलं, आणि माणगावपर्यंत मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता.