आई-वडील ठणठणीत असताना मुलीला साखर न पचण्याचा आजार आनुवंशिक कसा?

तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे, तपासणीत सुक्रेज-आयसोमाल्टेज एन्झाइमची जन्मजात कमतरता निघाली आणि सासर-माहेरात असा त्रास कुणालाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाच्या वेळी मीही हेच विचारत होते.

आपली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ती फोडणारं हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. ते नसलं की साखर न पचता पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. म्हणून जुलाब, फुगलेलं पोट आणि रात्रभर रडणं. आईच्या दुधात ही साखर नसते, त्यातल्या लॅक्टोजसाठी वेगळं एन्झाइम असतं. त्यामुळे सुरुवातीचे महिने छान जातात आणि चिकू, केळं, गोड खीर सुरू झाली की त्रास सुरू होतो. आम्हाला आधी दूध बंद करायला सांगितलं होतं. त्यात तीन महिने गेले, त्याची हळहळ अजून वाटते.

आता आनुवंशिकतेचं. या एन्झाइमची कृती लिहिलेला एसआय नावाचा जीन तिसऱ्या गुणसूत्रावर असतो आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सहसा एका चांगल्या प्रतीवर काम भागतं. तुमच्या दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असणार, आणि लेकीच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. नात्यात लग्न झालेलं असलं तर असा योग जास्त येतो, पण आमचं तसं नव्हतं. दोघांचा बिघाड एकच असावा लागतो असंही नाही.

बिघाडाच्या तऱ्हाही निराळ्या. हे एन्झाइम म्हणजे १,८२७ अमिनो आम्लांची साखळी असलेलं प्रथिन. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ५७७व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसिन येणं नेहमी आढळतं. एवढ्यानेही प्रथिनाची घडी चुकते आणि एन्झाइम पेशीतच अडकून पडतं, आतड्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत जीनमधली दोनच अक्षरं गळाली आहेत, पण त्यापुढचा सगळा मजकूर सरकतो आणि एन्झाइम बनतच नाही. तिथे ५ ते १० टक्के लोकांना हा आजार आहे. त्यांच्या पूर्वजांच्या मासे-मांसाच्या आहारात साखर जवळपास नव्हतीच, त्यामुळे हा दोष कुणाला जाणवलाही नसेल.

गरोदरपणी काय खाल्लं, काय नाही, याचा इथे काही संबंध नाही. कुणी तसं म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. जुलाब झाले की घरात कुणीतरी साखर-मीठ-पाणी करून आणतं. तिला ते देऊ नका, त्याने जुलाब वाढतात. गुळाचंही तेच. ग्लुकोजवालं ओआरएस चालतं, मात्र पाकिटावर सुक्रोज लिहिलेलं नाही ना ते पाहा. तापाच्या गोड सिरपचंही तसंच, डॉक्टरांना बिनसाखरेचं लिहून द्यायला सांगा.